आत्याबाईंचा तिसरा दिवा

चष्मेवाल्यांच्या घरात सरळ प्रश्न विचारायची पद्धतच नाही. दोन गोष्टी समोर धरायच्या आणि विचारायचं, ‘पहिलं बरं की दुसरं?’ जन्मभर दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत हाच प्रश्न विचारला, तो जिभेला चिकटून बसला. मग खिडकीला नवा पडदा घ्यायचा असो, नाहीतर चहातली साखर ठरवायची असो. ‘आधीचा घोट बरा होता की आत्ताचा?’ यावर त्यांच्या बायकोचं, म्हणजे अख्खी गल्ली जिला काकू म्हणते तिचं, उत्तर ठरलेलं. ‘मुकाट्यानं प्याल तो घोट सगळ्यात बरा.’

माणूस मात्र झकास. दुकान एवढंसं, शिंपी आणि किल्ल्या करणारा यांच्या मध्ये चेंगरून बसलेलं. पुढे काचेचं कपाट, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि मागे पडद्याआड काच घासायचं चाक. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चष्म्याची वाकडी दांडी बोलता बोलता सरळ करून देतील, नाकाला टोचत असेल तर रबराची नवी गादी बसवून देतील. पण एखाद्यानं ‘फ्रेम काय हो, कुठलीही चालेल’ असं म्हटलं की पारा चढलाच म्हणून समजा. ‘कुठलीही? मग डोळेही कुठलेही चालतील का?’ 

हाच कडकपणा त्यांनी आपल्या गाडीच्या बाबतीत पाळला होता, आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

गाडीचं नाव आत्याबाई. फिक्या पिस्ता रंगाची, पाठीमागून गोलमटोल, चष्मेवाल्यांहून वयानं थोडीशीच लहान. सकाळी सुरू करायची तर आधी मनधरणी, थंडी असेल तर जास्त मनधरणी, आणि एवढं करून निघाली तर वाटेत रुसणार नाही याची खात्री नाही. घरी आलेल्या मानाच्या आत्याबाईचं जसं सगळ्यांना करावं लागतं तसं तिचं करावं लागे, म्हणून लेकीनं लहानपणी हे नाव ठेवलं आणि तेच राहिलं. चष्मेवाल्यांनी ती तरुणपणी जवळजवळ भंगारातून उचलली होती. तिचा एकेक स्क्रू त्यांनी शोधून, घासून, पुसून जागेवर बसवला. मूळचा नाही असा एक खिळासुद्धा तिच्या अंगावर चालायचा नाही. लेकीनं एकदा हौसेनं आत छोटा पंखा बसवा म्हटलं, तर तीन दिवस हे लेकीशी नीट बोलले नाहीत.

आता या आत्याबाईंच्या मागच्या दिव्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण गोष्ट त्यांचीच आहे. दोन दिवे. कोटाच्या बटणाएवढे, तेही खाली, पार बंपरला टेकलेले. ब्रेक दाबला की ते लागतात असं म्हणायचं. म्हणायचं अशासाठी, की भर उन्हात ते लागले आहेत की नाहीत हे कळायला मागच्या माणसाला खाली वाकून, हाताचा आडोसा करून बघावं लागलं असतं. आणि चालत्या गाडीतून कोण वाकतंय?

‘काही बिघडत नाही,’ चष्मेवाले म्हणायचे. ‘मी ब्रेक मारतोच कुठे? चांगल्या चालवणाऱ्याला अंदाज असतो, अंदाज! ब्रेक लागतो तो घाबरटांना.’ हे ते इतक्या ठसक्यात सांगत, की ऐकणाऱ्याला आपल्या चालवण्याची लाज वाटावी. फक्त एक गोष्ट त्यांना कधी उलगडली नाही. आत्याबाईंच्या ब्रेकची लायनिंग फार लवकर झिजत. दर वेळी बदलताना ते त्रागा करत, ‘हल्लीच्या मालात दमच राहिला नाही.’

तर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. झालं ते उत्तम झालं, पण पाय बरेच दिवस सरळ ठेवायचा, आणि आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी दवाखान्यात जायचं, असं ठरलं. आत्याबाईंची मागची सीट ऐसपैस, घरातल्या सोफ्यासारखी. काकू एका दाराला पाठ टेकून, सीटवर पाय लांब करून, मांडीवर पर्स घेऊन अशा थाटात बसत, की सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं वळून बघत. चष्मेवाले पुढे, काकू मागे. दोघं आरशातून एकमेकांशी भांडत दवाखान्यात जात आणि भांडत परत येत. फार छान चाललं होतं.

आणि मग पाववाल्याची व्हॅन आली.

झालं असं की रस्त्यात एक कुत्रं आडवं आलं. तेही आपल्याच बापाचा रस्ता असल्यासारखं रमतगमत. चष्मेवाल्यांनी गाडी थांबवली, आणि मागून धडाम्. धडाम् म्हणजे फार मोठं नाही. बंपरला पोचा आला, व्हॅनच्या नाकाला खरचटलं, कुत्रं पळून गेलं. पण काकूंचा जपलेला गुडघा समोरच्या सीटच्या कडेवर आपटला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो चष्मेवाल्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

पाववाला धावत आला. ‘काका, खरंच सांगतो, तुम्ही ब्रेक मारलात ते मला कळलंच नाही हो!’

‘कळलं नाही? डोळे आहेत की बटणं?’ चष्मेवाले भर रस्त्यात कडाडले. ‘दुकानात ये माझ्या, नंबर काढून देतो तुला!’ आणखीही बरंच बोलले. बिचारा पाववाला मान खाली घालून ऐकत राहिला, आणि पावाचा एक लांबलचक लोफ काकूंच्या हातात देऊन निघून गेला.

गुडघ्याला सूज आली, ती चार-सहा दिवसांत उतरलीही. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पुन्हा असा धक्का नको. सगळं मार्गी लागलं असं चष्मेवाल्यांना वाटलं. पुढच्या खेपेला त्यांनी आत्याबाई दारात आणून उभी केली, मागचं दार उघडून धरलं, तर काकू पायरीवरच थांबल्या.

‘मी टॅक्सीनं जाते,’ काकू म्हणाल्या.

‘का? काय झालं?’

‘मला भीती वाटते.’

काकू रागावल्या असत्या तर चष्मेवाल्यांना कसं वागायचं ते माहीत होतं. काकूंचा राग त्यांना पाठ होता, तो कुठून चढतो, कुठे उतरतो, सगळं. पण या बाईनं उभ्या आयुष्यात ‘मला भीती वाटते’ असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी उघडं दार आणखी थोडं उघडलं.

‘मागे मी असते ना,’ काकूंनीच मग समजावलं. ‘तुम्ही पुढे. तुमच्या गाडीचे ते दिवे कुणाला दिसत नाहीत. मी सगळा वेळ मान वळवून मागचंच बघत बसणार, आता हा येतोय, आता तो येतोय. नको बाई. जीव मुठीत धरून व्यायामाला कशाला जायचं?’

आणि गेल्या की हो टॅक्सीनं. चष्मेवाल्यांनी काय करावं? आत्याबाई काढली आणि टॅक्सीच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत गेले. येतानाही तेच. पुढे टॅक्सीत काकू, मागे रिकामी आत्याबाई घेऊन हे. गल्लीतल्या लोकांची हसून हसून पुरेवाट झाली. शिंप्यानं विचारलं, ‘काय, वरात का?’ चष्मेवाले हसले नाहीत. त्यांना करमत नव्हतं. आरशात बघावं तर मागे नुसती सीट. भांडायला कुणी नाही. ‘सावकाश हो!’ म्हणायला कुणी नाही. रिकाम्या गाडीत बसून त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की हे सगळं स्क्रू घासणं, पितळ चमकवणं कुणासाठी चाललंय? जिला मिरवायला आणली ती टॅक्सीत बसलीये.

लेक मोठ्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर. लोकांना झोपवायचा धंदा, पण बापाला मात्र सुखानं झोपू देत नाही, असं चष्मेवाले तिच्याबद्दल म्हणत. तिनं रविवारी येऊन सरळ विषयाला हात घातला.

‘बाबा, मागच्या काचेत, वरच्या बाजूला, एक जास्तीचा ब्रेकचा दिवा लावा. नव्या सगळ्या गाड्यांना असतो. डोळ्यांच्या उंचीवर. मागच्याला चुकवू म्हटलं तरी चुकवता येत नाही.’

‘आत्याबाईंना? तिसरा दिवा?’ चष्मेवाल्यांचा चेहरा असा झाला, जसं काही कुणी त्यांच्या आईला नथीऐवजी नाकात बल्ब लावायला सांगितलाय. ‘भोक पाडायचं तिच्या अंगाला?’

‘भोक आईच्या गुडघ्याला पाडायचं की गाडीला? पहिलं बरं की दुसरं?’

आपलंच हत्यार आपल्यावर! चष्मेवाले उठून बाल्कनीत गेले. बराच वेळ कुंडीतल्या झाडाची पिकली पानं खुडत राहिले, मग हिरवीही खुडायला लागले तेव्हा काकूंनी आतून हटकलं. परत आत आले ते म्हणाले, ‘लावू. पण भोक नाही पाडायचं.’

पुढचे काही दिवस दुकानात काय चाललंय ते कुणालाच कळेना. मागच्या सीटच्या डोक्याशी, काचेच्या आत, जी फळी असते तिच्यावर दिवा उभा करायचा होता. त्यासाठी चष्मेवाल्यांनी जुन्या फ्रेमच्या दांड्या वाकवून एक घोडी तयार केली. फळीला ओरखडा नको म्हणून तिच्या पायांना चष्म्याच्या, नाकावर बसणाऱ्या त्या रबराच्या गाद्या लावल्या. दिव्याचा उजेड काचेवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येऊ नये म्हणून चष्म्याच्या घरातली काळी मखमल काढून दिव्याला तिन्ही बाजूंनी झालर शिवली. शिंप्याला शिवायला दिलं नाही, त्याला टाका सरळ येत नाही म्हणे! वस्तू अशी देखणी झाली की फळीवर ठेवल्यावर वाटावं, आत्याबाई ही टोपी घालूनच जन्माला आली असेल.

उंची कशी ठरवली, तेही ऐका. गाडी गल्लीच्या एका टोकाला, लेक आणि दोन-चार गिऱ्हाइकं दुसऱ्या टोकाला. चष्मेवाले दिवा घोडीवर वर-खाली करून ओरडणार, ‘वरचा स्पष्ट की खालचा?’ तिकडून उत्तर, ‘वरचा!’ ‘आता? हा, की आधीचा?’ ‘आधीचा!’ एक गिऱ्हाईक चष्माच न घालता उभं होतं, त्याला दोन्ही सारखेच दिसत होते. त्याला हाकलून दिलं.

वायरी जोडायला आला फ्यूज. गाड्यांच्या विजेचं काम करणारा हा गडी चाळिशीतला, हात चांगला, पण बिघाड कुठलाही असो, पहिलं निदान ठरलेलं: ‘फ्यूज गेला असेल.’ म्हणून लोक त्यालाच फ्यूज म्हणायला लागले. त्यानं दिव्याच्या जागी एलईडीची पट्टी बसवली, वायर फळीखालून पार पुढे ब्रेकच्या पेडलामागच्या बटणापर्यंत नेली, आणि ऐटीत म्हणाला, ‘दाबा काका!’

काकांनी दाबला. काही नाही.

‘फ्यूज गेला असेल,’ फ्यूज म्हणाला. फ्यूज ठणठणीत होता. पट्टी बदलली. काही नाही. दुसरी वायर टाकली. काही नाही. पट्टी सोडवून बाहेर वेगळ्या बॅटरीवर लावली तर लखलखली, गाडीत लावली की मेली. दुपार झाली. दोघांच्या अंगाला घामाच्या धारा, आणि एकमेकांवर वैताग. शेवटी फ्यूजनं चिडून वायरी उपटल्या, कशाही पुन्हा जोडल्या, आणि पट्टी अशी काही भडकली की तो दचकून फळीवर आपटला. चुकून त्यानं वायरी उलट्या जोडल्या होत्या! मग चष्मेवाल्यांच्याही डोक्यात उजेड पडला. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू पत्र्याला जोडलेली असते, आत्याबाईंची अधिक. जुन्या बल्बला कुठूनही वीज आली तरी चालते, या नव्या पट्टीला मात्र आली तर सरळच यायला हवी, नाहीतर लागणार नाही. ‘मला हे माहीत होतं!’ चष्मेवाले कपाळावर हात मारून म्हणाले. ‘मलाही!’ फ्यूज म्हणाला. दोघंही खोटं बोलत होते.

संध्याकाळी मोठी परीक्षा. चष्मेवाले आत्याबाईत पुढे, लेक आपल्या गाडीतून मागे. घरापासून बाजारापर्यंत जायचं आणि परत यायचं. काकू बाल्कनीत बसून वाट बघत होत्या. चष्मेवाले परत आले ते छाती फुगवून.

‘काय? दिसला की नाही दिवा?’

‘दिसला ना,’ लेक म्हणाली. ‘सगळा वेळ दिसला.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे इथून निघालात तेव्हा लागला तो बाजारापर्यंत विझलाच नाही. येतानाही नाही.’

चष्मेवाले फ्यूजवर घसरले. फ्यूज तेवढ्याच ताठ्यानं पेडलाखाली शिरला, बटण तपासलं, वायर ओढून बघितली आणि बाहेर येऊन म्हणाला, ‘सगळं चोख आहे. काका, तुम्ही बसा. गाडी गल्लीत पुढे-मागे चालवा. ब्रेक मारू नका.’

काका बसले. गाडी हलली. दिवा लागला.

‘काका, ब्रेक मारू नका!’

‘नाही मारलाय!’

‘मग पाय काढा!’

‘पाय काढलेलाच आहे!’

लेक गाडीबरोबर चालत चालत खिडकीतून आत डोकावली. उजवा पाय बरोबर जागेवर होता. पण क्लचवरून उतरलेला डावा पाय अलगद सरकून ब्रेकच्या पेडलवर जाऊन बसला होता. ‘बाबा, हा काय?’

‘तो होय? तो नुसता ठेवलाय. दाबलेला नाही.’

 मग फ्यूज फुटपाथवर बसला आणि पोट धरून हसायला लागला. लेकीला उभं राहवेना. बाल्कनीत काकूंना कुणीतरी ओरडून सांगितलं, तर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या. खरं म्हणजे सगळं सरळच होतं. दुकानातल्या काच घासायच्या चाकाला खाली पेडल. डावा पाय त्याच्यावर सतत हलकासा टेकलेला हवा, उचलला की चाक थांबलं. जन्मभर दिवसाचे कित्येक तास तो पाय तसा टेकून राहिला, आणि गाडीत बसल्यावर जे पेडल मोकळं दिसेल त्याच्यावर जाऊन बसू लागला. झिजणाऱ्या लायनिंगचं कोडंही त्या फुटपाथवरच सुटलं. मालात दम होता हो. पायच उठत नव्हता.

सगळ्यांबरोबर चष्मेवालेही आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं. ते बटणाएवढे दिवेही मग कायम लागलेलेच असणार. कायम लागलेला दिवा मागच्याला काय सांगणार? पाववाला खरंच बोलत होता. ब्रेक मारला ते त्याला कळलं नाही, कारण कळायला काही उरलंच नव्हतं. ‘आणि मी त्याला भर रस्त्यात काय काय बोललो,’ ते म्हणाले, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी बाजारात व्हॅन दिसली तेव्हा ते हात हलवत तिच्याकडे धावले. पाववाला त्यांना बघून आधी व्हॅनच्या पलीकडे लपला. माफी मागायला आलेत हे त्याला पटेपर्यंत बराच वेळ गेला.

पण बाल्कनीत हसणाऱ्या काकू संध्याकाळी मात्र म्हणाल्या, ‘दिवा झाला, आता पायाचं काय? तो सुधारेपर्यंत मी टॅक्सीनंच जाणार.’

या वयात पाय सुधारायचा! लेकीनं शिकवणी घेतली. शेजारी बसायची आणि पाय सरकला रे सरकला की ओरडायची, ‘पाय!’ चष्मेवाले दचकून पाय उचलायचे, गाडी डुलायची. मग तिनं युक्ती काढली, डाव्या पायात बूट नाही, नुसता मोजा. जमिनीचा गार स्पर्श लागला पाहिजे, लागला नाही तर पाय चुकीच्या जागी आहे. चष्मेवाले एका पायात बूट घालून गाडी चालवायला लागले. गल्लीनं तेही बघितलं. रात्री जेवतानासुद्धा टेबलाखाली पाय हलला तर काकू म्हणायच्या, ‘पाय!’ शिंपी, किल्लीवाला, गिऱ्हाइकं, जो तो वाटेत भेटला की ‘पाय!’ एका आजीबाईंना वाटलं, पाया पडायला सांगताहेत, त्या वाकायलाच लागल्या. चष्मेवाल्यांनी सगळं सोसलं. नाकावर राग असलेला माणूस, पण चकार शब्द काढला नाही. मागची सीट रिकामी होती ना.

मग एक दिवस लेक म्हणाली, ‘आई, आज तू माझ्या गाडीत बस. बाबा पुढे जातील, आपण मागून बघू. दवाखान्यापर्यंत. तूच ठरव.’

काकू लेकीच्या शेजारी बसल्या. सीट पार मागे सरकवली, पाय लांब केला. पुढे आत्याबाई निघाली. मागच्या काचेत मखमलीची टोपी घातलेला दिवा. विझलेला.

‘बघ,’ लेक म्हणाली.

काकू बघत होत्या. कोपऱ्यावर दिवा लागला, वळण झालं, विझला. सिग्नलला लागला, सुटला तसा विझला. किती साधी गोष्ट, पण तो माणूस आता काय करणार आहे ते इतकं स्पष्ट कळत होतं, की पर्सवरची काकूंची घट्ट पकड हळूहळू सैल झाली. इतकी वर्षं काकू त्या गाडीच्या आत बसल्या होत्या. मागून तिला कधी बघितलंच नव्हतं.

मग शाळेची भिंत लागली. रस्ता सरळ, मोकळा. पुढे कुणी नाही, आडवं कुणी नाही. आणि दिवा लागला.

‘गेला वाटतं पाय परत,’ लेक वैतागली. पण आत्याबाई नीट हळू झाली, हळूच पुढे गेली, आणि दिवा विझला. पाठोपाठ लेकीची गाडी तिथे पोचली आणि दणकन् उडाली. पाइपासाठी कधीतरी खणून बुजवलेला चर होता, दिसतसुद्धा नव्हता. काकूंच्या तोंडून ‘आई गं’ निघालं.

पेट्रोलपंपाच्या अलीकडे पुन्हा तेच. मोकळ्या रस्त्यावर दिवा लागला, आत्याबाई मुंगीच्या पावलांनी गेली, विझला. लेकीच्या गाडीनं गटाराच्या झाकणावरून दणका खाल्ला. ‘बाबांना झालंय काय? एवढ्याशा झाकणाला कुणी गाडी थांबवतं?’

काकूंनी मान उंचावून पुढचा रस्ता बघितला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, ‘आता लावतील बघ. त्या पिवळ्या घरापाशी.’

पिवळ्या घरापाशी दिवा लागला.

‘तुला कसं कळलं?’

‘तिथे माझ्या गुडघ्याला लागतं,’ काकू म्हणाल्या.

लेकीनं आईकडे बघितलं. काकू समोर बघत होत्या, त्या काचेतल्या लाल दिव्याकडे, आणि त्याच्या पुढच्या रिकाम्या सीटकडे. ‘आत कुणी नाही, आणि हा माणूस...’ असं काहीतरी त्या म्हणायला गेल्या. मग नाक ओढून, रागावल्यासारखं म्हणाल्या, ‘हॉर्न वाजव. थांबव त्यांना.’

आत्याबाई कडेला थांबली. चष्मेवाले धावतच आले, एका पायात बूट, एका पायात मोजा. चेहरा उतरलेला. ‘काय झालं? विझत नव्हता का? मी पाय ठेवला नव्हता गं, शपथ. मोजा बघ, गार आहे.’

‘हात द्या आधी,’ काकू म्हणाल्या.

लेकीच्या गाडीतून त्या उतरल्या, नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून आत्याबाईपर्यंत गेल्या, मागच्या सीटवर बसल्या, दाराला पाठ टेकली, पाय लांब केला, मांडीवर पर्स घेतली. चष्मेवाल्यांनी दार हळूच लावलं. ते पुढे जाऊन बसले आणि आरसा नीट केला. मागची सीट भरली होती.

गाडी चालू लागली, काकू आरशातून नवऱ्याकडे बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘अहो, एक विचारू? रस्त्यातले हे सगळे खड्डे तुम्ही पाठ कधी केले?’

‘कुठले खड्डे?’ चष्मेवाल्यांनी विचारलं. आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं.